दर रविवारी दोन सिलिंडर

प्रेशरकाकांचं प्रेशर दोन ठिकाणी मोजलं जायचं. एक गॅसरूममधल्या काट्यावर आणि दुसरं ओपीडीतल्या सिस्टरच्या यंत्रावर. एकतीस वर्षांत पहिलं कधी खाली आलं नाही, आणि दुसरंही खाली येईल असं वाटत नाही, असं सिस्टर म्हणायची. काका तिच्या गोळ्या घ्यायचे आणि खिशात विसरायचे. गॅसरूमचा काटा मात्र ते एकदाही विसरले नाहीत.

गॅसरूम हॉस्पिटलच्या मागे, बॉयलर आणि लाँड्रीच्या मधल्या बोळात होती. आत दोन भिंतींना दोन रांगा, एकेका रांगेत दोन-दोन निळे सिलिंडर. त्यात नायट्रस. भूल देताना ऑक्सिजनबरोबर थोडा देतात तो वायू. डाव्या रांगेतला संपला की उजवी रांग आपोआप सुरू व्हायची आणि भिंतीवर लाल दिवा लागायचा. मग काकांनी रिकामे काढायचे, भरलेले लावायचे, पान्याने आवळायचे आणि रजिस्टरमध्ये तारीख-वेळ टाकून सही करायची. काम एवढंच. पण दोन्ही रांगा एकदम संपल्या आणि तेव्हा टेबलावर पेशंट असला तर काय होईल, हे सांगायला काकांना मनापासून आवडायचं. नवीन नर्सेसना ते पहिल्याच आठवड्यात गाठायचे. त्या ऐकून बिचाऱ्या घाबरायच्या, आणि काकांना बरं वाटायचं.

नवी इमारत झाल्यापासून, म्हणजे गेली तेरा वर्षं, आठवड्याभरात एक रांग संपायची ती संपायचीच. सोमवारी सकाळी ऑपरेशनं लागलेली असायची. त्या दिवशी एका रांगेवर काम चालवायचं हे काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे ते रविवारी यायचे. कोणी बोलावलेलं नव्हतं, नेमणूकपत्रातही तसं लिहिलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेआठला बोळातून काकांच्या बुटांचा आवाज आला की लाँड्रीवाले घड्याळ लावून घ्यायचे. ताप असो, लग्नकार्य असो, रविवारी दोन सिलिंडर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अशात हॉस्पिटलमध्ये धूरबाई आली.

तिला विभागाच्या आरोग्य कार्यालयाने पाठवलं होतं. वय असेल तिशीचं, शिक्षण इंजिनिअरचं. अकरा हॉस्पिटलं आणि बावन्न आरोग्यकेंद्रं मिळून वर्षाला हवेत किती कार्बन सोडतात हे मोजायचं आणि मग कमी करायचं, हे तिचं काम. लोक बरे करायची जागा हवा बिघडवते, असं कोणी तोंडावर सांगितलं की कोणाला आवडेल? ती अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांना डिझेल विचारायची, बॉयलरवाल्याला इंधन, लाँड्रीला कपडे किती अंशांवर धुता, कचरा जाळणाऱ्याला किती किलो. दुसऱ्याच दिवशी तिचं नाव धूरबाई पडलं. तिला ते कळलं, तेव्हा तिने हसून आपल्या डब्यावर मार्करने तेच लिहून टाकलं. त्यामुळे चिडवणाऱ्यांची फारच पंचाईत झाली.

काकांकडे ती सगळ्यात शेवटी आली. गॅसरूममध्ये ना धूर ना धुराडं. काकांनी तिला स्टूल दिलं, दोन्ही रांगा दाखवल्या आणि टेबलावरच्या पेशंटची गोष्ट सांगितली. ती घाबरली नाही. वर्षाला किती सिलिंडर लागतात, एवढंच तिने विचारलं.

"आठवड्याला दोन. वर्षाला एकशे चार. एकही जास्त नाही, एकही कमी नाही," काका म्हणाले. छाती थोडी पुढे आलीच.

ती आकडा लिहून घेऊन गेली. चार दिवसांनी काकांना मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचे अधीक्षक. आत ते होते, धूरबाई होती, भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या आणि दाराशी, फाइल द्यायच्या निमित्ताने आलेला आणि जायचं नाव न घेणारा स्टोअरवाला होता.

"काका, बसा," साहेब म्हणाले. साहेबांनी बसा म्हटलं की प्रकरण गंभीर, हे हॉस्पिटलात शिपायालाही माहीत होतं.

धूरबाईने सरळ सांगितलं. भूल देताना कोणत्या पेशंटला किती वायू दिला याचा कागद असतो. तिने वर्षभराचे सगळे कागद बेरजेला घेतले होते. त्यात नायट्रस निघाला तीन सिलिंडरांचा.

"मी इथे आले त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मी तो फारसा वापरलेलाच नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पेशंटना नंतर उलट्या होतात. लहान मुलांना कधीतरी देते, थोडासा."

"मग उरलेले एकशे एक गेले कुठे?" साहेबांनी विचारलं.

दाराशी उभ्या असलेल्या स्टोअरवाल्याने एकदा काकांकडे आणि एकदा छताकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ कळायला शाळेत जावं लागत नाही. एकशे एक भरलेले सिलिंडर दरवर्षी. कोणाला तरी विकले. आणखी काय?

"मी लावलेत ते," काका म्हणाले. "प्रत्येक सिलिंडर मी माझ्या हातांनी लावलाय. माझ्या सह्या आहेत."

"सह्या सगळ्यांच्याच असतात, काका," साहेब म्हणाले. ते वाईट मनाने बोलले नव्हते, पण काकांना ते लागलं. एकतीस वर्षं नाकावर माशी बसू न दिलेला माणूस. त्याला आता चोर नसल्याचा पुरावा द्यायचा होता. निवृत्तीला सात महिने उरले होते.

ते उठले आणि सरळ गॅसरूममध्ये गेले. कपाटातून सगळी रजिस्टरं काढून कपडे न्यायच्या ढकलगाडीवर घातली आणि ती ढकलत बोळातून, ओपीडीसमोरून, लिफ्टमधून धूरबाईच्या टेबलाशी आले. वाटेत सगळ्यांनी पाहिलं. काकांना वाटलं, बघू देत.

"घ्या," ते म्हणाले. "कुठल्या तारखेला कुठला नंबर लावला, सगळं आहे. मोजा हवं तेवढं."

धूरबाईने ती मोजली. तिने काकांना शेजारी बसवलं, ऑपरेशन थिएटरची रजिस्टरंही मागवली आणि दोन्ही समोरासमोर उघडली. काका एक तारीख वाचायचे, ती त्या आठवड्यातली ऑपरेशनं वाचायची. पहिली अठरा वर्षं काकांच्या सह्या कशाही पडल्या होत्या. कधी मंगळवार, कधी वीस दिवसांनी शुक्रवार. जसं काम, तसा वायू. मग नव्या इमारतीची पाइप जोडली त्या महिन्यापासून पानं एकसारखी झाली. रविवार, दोन. रविवार, दोन. काकांना आपलं ते अक्षर आणि ती शिस्त पाहून अजूनही बरं वाटत होतं.

"ह्या आठवड्यात ऑपरेशनं एकतीस," धूरबाई म्हणाली.

"दोन सिलिंडर."

"ह्या आठवड्यात नऊ."

"दोन."

"चार वर्षांपूर्वीचा हा मे महिना बघा. थिएटरच्या फरश्या बदलत होते. दोन महिने सगळं बंद. ऑपरेशन एकही नाही."

काकांनी पान उलटलं. रविवार, दोन. पुढचा रविवार, दोन. आठ आठवडे, सोळा सिलिंडर. त्या आठही रविवारी फरशीचे ढिगारे ओलांडून ते आत आले होते. धूळ इतकी की रजिस्टरच्या त्या पानांवर अजून बोटांचे ठसे होते. वर कोणी नाही हे त्यांना दिसत होतं. तरी ते आले, रिकामे काढले, भरलेले लावले आणि सही केली. नवी इमारत झाली, काम वाढलं, वायू वाढला, हे त्यांनी एकदा मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढे प्रश्न पडायची सोयच नव्हती. दरवर्षी खरेदीच्या कागदावर मागच्या वर्षीचाच आकडा उतरत होता आणि त्या आकड्यावर साहेबलोक डोळे झाकून सही करत होते.

"काका, पाइप गळतेय," धूरबाई हळू आवाजात म्हणाली. "चोरी कसली आलीय? चोर इतका नेमाने येत नाही."

काकांनी मान हलवली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांचा हात दुसऱ्याच एका रजिस्टरकडे गेला होता. सात वर्षांपूर्वीचं. त्यांनी एक पान काढलं. रविवार, दोन, वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. सही थोडी घाईत केलेली.

"ह्या आठवड्याचं वाचा," ते म्हणाले.

तिने थिएटरचं रजिस्टर चाळलं. "शुक्रवारी दोन ऑपरेशनं, नायट्रस नाही. शनिवारी काहीच नाही. रविवारी काहीच नाही. सोमवारी चार, त्यातही नायट्रस नाही. का हो काका?"

"काही नाही," काका म्हणाले.

त्या रविवारी नऊच्या सुमाराला काकांची आई गेली होती. आदल्या रात्रीपासून तिचा श्वास जड होता. घरचे डॉक्टर म्हणाले होते, आता दवाखान्यात हलवून हाल करू नका, जवळ बसा. काका बसले होते. आठ वाजता ते उठले. तासाभराचं काम आहे, आलोच, असं बायकोला सांगून गेले. परत आले तेव्हा बायको दारातच उभी होती. त्यानंतर सात वर्षं काकांनी एकाच गोष्टीवर स्वतःला सावरलं होतं. सोमवारी टेबलावर कोणी तरी होतं, आणि ते माझ्यामुळे जगलं. त्या कोणाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण तो माणूस होता, याविषयी त्यांना कधी शंका आली नव्हती.

गळती सापडायला अर्धा दिवस लागला. शुक्रवारी दुपारी थिएटर मोकळं झाल्यावर काकांनी एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि प्रत्येक तुकड्याचा काटा पाहिला. जुन्या इमारतीचा काटा होता तिथेच राहिला. नव्या इमारतीचा हळूहळू, सगळ्यांच्या देखत, खाली बसला. तिसऱ्या मजल्यावर, पाइपा ज्या चिंचोळ्या उभ्या चौकोनातून गच्चीपर्यंत जातात, तिथे काका शिडी लावून चढले. एका जोडावर साबणाचं पाणी लावलं. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला. कान लावल्यावर बारीक सीऽऽ असा आवाज येत होता. तेरा वर्षं तो तसाच येत असणार. काका बराच वेळ शिडीवर कान लावून उभे राहिले. खालून धूरबाईने दोनदा हाक मारली तेव्हा उतरले.

पुढे सगळं झटपट झालं. नायट्रसची पाइप कायमची बंद करायची आणि डॉक्टर मॅडमना लागेल तेवढ्यासाठी ट्रॉलीवर एक छोटा सिलिंडर द्यायचा, असं ठरलं. मीटिंगमध्ये धूरबाईने हिशेब सांगितला. हा वायू किलोभर हवेत गेला तर पावणेतीनशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो. हॉस्पिटलच्या सगळ्या अॅम्ब्युलन्स सात-आठ वर्षं पळाल्या असत्या, तरी वर्षभराच्या ह्या गळतीची बरोबरी झाली नसती. ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं. महिनाभर त्यांनाच डिझेलवरून छळलं होतं. साहेब उठून काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, रजिस्टरं नसती तर तुम्ही अडकलाच असतात." स्टोअरवाल्याने स्वतः चहा आणला, आणि तोही गोड.

मीटिंग संपल्यावर धूरबाई काकांच्या मागे मागे बोळात आली.

"काका, आणखी सहा हॉस्पिटलांत अशीच पाइप आहे. सगळे म्हणतात, आमच्याकडे गळती नाही. मी सांगून ऐकत नाहीत. गॅसरूमवाले तर मला आतच घेत नाहीत. तुम्ही चला. तुमचं रजिस्टर दाखवा, तुम्ही काय केलंत ते सांगा. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?" काका म्हणाले. "तेरा वर्षं दर रविवारी एका भोकाला सिलिंडर पुरवत होतो, हे सांगू? मी चोर नाही हे ठरलं, तेवढं बास झालं. मूर्ख होतो हे सहा ठिकाणी जाऊन सांगायची मला हौस नाही, मॅडम."

तिने रजिस्टरांची ढकलगाडी आत लावायला मदत केली आणि ती गेली.

त्यानंतरच्या रविवारी काका सवयीने सहाला उठले, दाढी केली, बूट घातले आणि मग खुर्चीत बसून राहिले. साडेआठ वाजले. बायको आतून दोनदा येऊन पाहून गेली. तिसऱ्यांदा चहाचे दोन कप घेऊन आली आणि समोर बसली.

"बरं नाही का?" तिने विचारलं.

"बरंय."

"मग जायचं नाही आज?"

"आता कधीच जायचं नाही."

एवढं बोलल्यावर पुढचं सांगावंच लागलं. काकांनी सांगितलं. पाइप, जोड, फेस, एकशे एक सिलिंडर, धूरबाईची ती सहा हॉस्पिटलं. बायको ऐकत होती. मधेच, "म्हणजे चोर समजले तुम्हाला?" असं तिने विचारलं आणि स्टोअरवाल्याला दोन शब्द बोलून घेतले. काकांना वाटलं, इथेच थांबावं. पण ते थांबले नाहीत.

"आई गेली त्या रविवारचं पान मी काढून पाहिलं," ते म्हणाले. "वर कोणी नव्हतं. सोमवारीही तो वायू कोणाला दिला नाही. कोणाला काही लागतच नव्हतं. मी नसतो गेलो तरी काही झालं नसतं. आणि मी उठून गेलो."

बायकोने कप खाली ठेवला. सात वर्षांत त्या सकाळविषयी ती कधी बोलली नव्हती.

"आईंनी विचारलं होतं," ती म्हणाली. "डोळे उघडून, हा कुठे गेला, म्हणाल्या. मी सांगितलं, हॉस्पिटलात गेलेत, एका पेशंटचा जीव त्यांच्या हातात आहे. तर म्हणाल्या, मग राहू दे. त्यानंतर काही बोलल्या नाहीत. शांतपणे गेल्या."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"खोटंच होतं ते," ते शेवटी म्हणाले.

"असेल. मला तरी कुठे माहीत होतं? त्यांना पटलं ना? आता ते खोटं होतं असं त्यांना सांगायला कोण जाणार आहे?" बायकोने पदराने स्वतःचा चेहरा पुसला. "मला राग आला होता तुमचा. तेव्हाही आला होता, आताही येतोय. पण एक सांगा. ती मुलगी म्हणते ते सहा जण. तेही असेच जात असतील ना रविवारी?"

"कोणी रविवारी, कोणी शनिवारी."

"त्यांना तरी सांगा. त्यांच्या आया असतील अजून."

बुधवारी काका आणि धूरबाई दोन तासांचा प्रवास करून पहिल्या हॉस्पिटलात पोचले. गॅसरूम तशीच, बॉयलरच्या मागे. दारात पंचेचाळिशीचा एक धिप्पाड माणूस उभा होता. त्याला तिकडे पहिलवान म्हणत. धूरबाईला पाहून त्याने दार निम्मं लोटून घेतलं.

"आमच्याकडे गळतीबिळती काही नाही, मॅडम. मागेच सांगितलं तुम्हाला."

"मी त्यांच्यातला नाही, तुझ्यातलाच आहे," काका म्हणाले. "एकतीस वर्षं हेच काम केलं. बघू तरी दे तुझ्या रांगा."

माणूस आपल्या धंद्यातला आहे म्हटल्यावर पहिलवान निवळला. त्याने काकांना आत घेतलं. सिलिंडर पुसून लख्ख ठेवलेले, पाना खिळ्याला टांगलेला, रजिस्टर प्लास्टिकच्या कव्हरात. काकांना सगळं पाहून फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"किती लागतात?" त्यांनी विचारलं.

"आठवड्याला तीन," पहिलवान म्हणाला. "दर शनिवारी संध्याकाळी. पाऊस असो, सुट्टी असो, मी येतोच. माझ्या हातून एक शनिवार चुकलेला नाही. घड्याळ लावून घ्या."

काकांनी आपलं रजिस्टर पिशवीतून अर्धवट बाहेर काढलं होतं. वाटेत त्यांनी भाषण ठरवलं होतं. पाइप, जोड, आकडे, सगळं ओळीने सांगायचं होतं. त्यांनी ते रजिस्टर पहिलवानाच्या टेबलावर ठेवलं आणि उघडलं नाही.

"घरी कोण कोण असतं रे तुझ्या?" त्यांनी विचारलं.

पहिलवान गोंधळला. हा कसला तपास, अशा नजरेने त्याने धूरबाईकडे पाहिलं.

"बायको, दोन मुली," तो म्हणाला. "आणि आई. का हो?"

"आई कशी आहे?"

"वय झालंय. शनिवारी संध्याकाळी विचारत बसते, कुठे गेला म्हणून."

काका स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"तिला ह्या शनिवारी सांग, घरीच आहे म्हणून," ते म्हणाले. "आता बादलीभर साबणाचं पाणी कर आणि शिडी आण. मी दाखवतो तुला."